‘सगळं उत्तम’वर टिक करण्याआधी

बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगावच्या कॉलेजांत नॅकची, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या परिषदेची, तयारी सुरू झाली की ‘एसएसएस’ हा शब्द कानावर पडायला लागतो. एसएसएस म्हणजे विद्यार्थी समाधान सर्वेक्षण. याच जिल्ह्यातली मुलं पुढे कुणी एमएस्सी करायला इंग्लंड-आयर्लंडला जातात, कुणी एमबीबीएससाठी किर्गिझस्तान गाठतात. तिकडच्या अनेक विद्यापीठांतूनही पहिल्या सत्रातच ई-मेल येतो : इथे कसं वाटतंय, कळवा. आपल्या कॉलेजात परदेशी विद्यार्थी विरळा, तिकडे मात्र परदेशी आपलंच पोर. फॉर्म दोन्हीकडे साधारण सारखाच असतो आणि त्याबद्दलचे गैरसमजही तेच असतात. जो मुलगा इथे प्रश्न न वाचता टिक करत सुटतो, तो तिथेही तेच करतो किंवा ई-मेल उघडतच नाही. मग त्याचे हाल कुणाच्याच हिशेबात येत नाहीत. म्हणून हे गैरसमज एकेक करून तपासायला हवेत.

‘कुणी काय लिहिलं ते सरांना कळतं’

ही भीती सगळ्यात खोल बसलेली आहे, कारण अंतर्गत गुण सरांच्याच हातात असतात. नॅकने 2017 च्या सुधारित आराखड्यात आणलेलं सर्वेक्षण मात्र कॉलेज भरून घेत नाही. कॉलेजने विद्यार्थ्यांची यादी आणि ई-मेल पत्ते द्यायचे. त्यातून विद्यार्थी निवडून नॅक त्यांना थेट लिंक पाठवते. कॉलेजचा स्वतःचा अभिप्राय-फॉर्म ही निराळी गोष्ट आहे. त्यात रोल नंबर किंवा ई-मेल मागितला असेल तर तो निनावी नाही, आणि तिथे मुलं मोकळेपणाने लिहीत नसतील तर त्यांना दोष देता येणार नाही. ज्या कॉलेजला खरी उत्तरं हवी आहेत, त्याने आधी रोल नंबरचा रकाना काढून टाकावा.

परदेशात याच भीतीला व्हिसाची जोड मिळते. वाईट लिहिलं तर व्हिसा जाईल, असं मुलं एकमेकांना सांगतात. ब्रिटनचा नॅशनल स्टुडंट सर्व्हे इप्सॉस ही बाहेरची संस्था करते. त्यातली उत्तरं नावानिशी विद्यापीठाच्या हाती जात नाहीत आणि त्यांचा व्हिसाशी संबंध नसतो.

‘टक्केवारी चांगली, म्हणजे सगळे सुखी’

हिशेब करून बघू. समजा एका कॉलेजात 2,000 मुलं आहेत आणि त्यांतली 20 परदेशी. वीसच्या वीस जणांनी ‘फार वाईट’ लिहिलं तरी एकूण समाधान एका टक्क्यानेच घसरेल. अहवालात ते दिसणारही नाही. त्यात नॅकच्या नियमानुसार कॉलेजातल्या 10 टक्के किंवा 100 विद्यार्थ्यांची, यांपैकी जी संख्या कमी असेल तेवढी, उत्तरं आली तरी पुरतात. म्हणजे तीन हजारांच्या कॉलेजात शंभर उत्तरांवर काम भागतं, आणि त्या शंभरात एकही परदेशी विद्यार्थी नसण्याची शक्यता भरपूर. संख्येने थोडे असलेल्यांची उत्तरं वेगळी काढून वाचली नाहीत, तर सरासरी त्यांना गिळून टाकते. वसतिगृहात राहणाऱ्या ऊसतोड कामगारांच्या मुलांनाही हेच लागू आहे.

अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार 2019-20 मध्ये देशभरात 168 देशांचे 49,348 परदेशी विद्यार्थी होते आणि त्यांतले 28 टक्के एकट्या नेपाळचे. ‘परदेशी विद्यार्थ्यांचं मत’ म्हणून एकच आकडा काढला, तर छत्रपती संभाजीनगरला पीएचडी करणाऱ्या येमेनच्या विद्यार्थ्याचं म्हणणं नेपाळी मुलांच्या मतांखाली दबून जाईल.

‘विद्यापीठाच्या वेबसाइटवर 90 टक्के समाधान आहे, मुलाला बिनधास्त पाठवा’

कर्ज काढून, प्रसंगी रान विकून मुलाला पाठवणाऱ्या आईवडिलांनी हे नीट समजून घ्यावं. ब्रिटनचा नॅशनल स्टुडंट सर्व्हे 2005 पासून चालू आहे, पण त्यात प्रश्न विचारले जातात ते पदवीच्या शेवटच्या वर्षातल्या मुलांना. आपली मुलं बहुतेक करून एक वर्षाच्या एमएस्सीला जातात. त्यांना त्यात विचारलेलंच नसतं. शिवाय 2023 पासून इंग्लंडमध्ये ‘एकूण समाधान’ हा प्रश्नच काढून टाकला आहे, त्यामुळे तसा आकडा कुणी दाखवला तर तो कोणत्या सालचा, हे विचारायला हवं. खास परदेशी विद्यार्थ्यांसाठी ‘इंटरनॅशनल स्टुडंट बॅरोमीटर’ आहे. येताना काय घडलं, शिकणं, राहणं आणि मदत, असे त्याचे भाग असतात. तो प्रामुख्याने विद्यापीठांनी स्वतःला तपासण्यासाठी आहे. जाहिरातीत त्यातले सोयीचे आकडे तेवढे येतात. एजंटला एकच प्रश्न टाका : हे कुणाला विचारलं होतं?

‘परदेशी मुलांची अडचण अभ्यासाचीच असते’

पुण्याच्या सिंबायोसिस या शिक्षणसंस्थेचा जन्म या गैरसमजाचं उत्तर आहे. डॉ. शां. ब. मुजुमदार फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवत आणि वसतिगृहाचे रेक्टरही होते. वसतिगृहाच्या खिडकीतून एक मुलगी आत कुणाला तरी काही देताना त्यांना दिसली. चौकशी केली तेव्हा कळलं, की आत मॉरिशसचा विद्यार्थी काविळीने पडला होता आणि ती त्याला जेवण पोचवत होती. परक्या देशात आजारी पडल्यावर जेवायला कोण देणार, हा प्रश्न कुठल्याच फॉर्मवर नव्हता. परदेशी आणि भारतीय विद्यार्थ्यांना जवळ आणण्यासाठी 26 जानेवारी 1971 ला सिंबायोसिस सुरू झालं, त्याच्या मुळाशी ही घटना आहे.

आता नॅकची प्रश्नावली बघा. पर्याय निवडायचे वीस प्रश्न : वर्गात अभ्यासक्रम किती टक्के झाला, शिक्षक तयारी करून येतात का, त्यांचं शिकवणं समजतं का, वगैरे. सगळा भर अध्यापनावर. प्रश्न उपयोगाचेच आहेत, पण 180 दिवसांहून जास्त मुदतीच्या व्हिसावर आलेल्याला 14 दिवसांत नोंदणी करावी लागते, ती करताना कॉलेजातलं कुणी सोबत होतं का, घरमालकाने खोली द्यायला नकार दिला का, मेसचं तिखट सोसतं का, रमजानमध्ये पहाटे जेवण मिळतं का, हे त्यात नाही. ते लिहायला जागा उरते एकविसाव्या प्रश्नात, जिथे तीन निरीक्षणं किंवा सूचना मागितलेल्या असतात.

नेमकी हीच जागा मुलं रिकामी सोडतात किंवा ‘सुविधा सुधाराव्यात’ असं लिहून मोकळी होतात. त्यावर कुणी काय करणार? त्याऐवजी असं लिहिलेलं बघा : ‘ग्रंथालय पाचला बंद होतं, शेवटचा तास पाचलाच सुटतो, म्हणून गावाकडून एसटीने येणाऱ्यांना पुस्तक मिळत नाही.’ यात अडचण आहे, वेळ आहे, कारण आहे. प्राचार्यांनी मनात आणलं तर आठवड्यात सुटेल. लीड्सला गेलेल्या मुलीनेही तिथे असंच लिहावं, खोलीचं डिपॉझिट किती अडकलं आणि किती दिवस, हे आकड्यांत सांगावं.

‘सर्वेक्षणाने काही होत नसतं’

बीडला हे म्हणणं शोभत नाही. 2019 मध्ये ऊसतोड महिलांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न गाजला, तेव्हा नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या 82,309 महिलांची पाहणी झाली आणि 13,861 जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्याआधी ही कुजबुज होती. बायकांना स्वतःला विचारलं तेव्हा तिचा आकडा झाला, आणि तो आकडा सरकारला टाळता आला नाही.

विद्यापीठंही आकड्याला बिचकतात. 2017 मध्ये नॅशनल स्टुडंट सर्व्हे फीवाढीशी जोडल्याच्या निषेधार्थ ब्रिटनमधल्या विद्यार्थी संघटनांनी त्यावर बहिष्कार टाकला. उत्तरं निम्म्यापेक्षा कमी आल्याने ऑक्सफर्ड, केंब्रिजसह बारा विद्यापीठांचे निकाल त्या वर्षी प्रसिद्धच करता आले नाहीत. तिकडे बऱ्याच ठिकाणी ‘तुम्ही सांगितलं, आम्ही केलं’ असे फलक लावतात. आपल्याकडे अभिप्रायावरचा कार्यवाही अहवाल नॅकसाठी तयार होतो, पण तो नोटीस बोर्डावर क्वचितच दिसतो. ज्याला विचारलं त्याला काय केलं ते कळवलं नाही, तर पुढच्या वर्षी तो खरं सांगणार नाही. आळस मुलांचा आहे असं आपण म्हणतो. मला तो दोष अर्ध्याहून जास्त संस्थांचा वाटतो.

‘फॉर्ममध्ये लिहिलं, म्हणजे तक्रार झाली’

झाली नाही. निनावी उत्तरावर तुमच्या एकट्याच्या प्रकरणाचा निकाल लागू शकत नाही. छळ, अडवून ठेवलेली कागदपत्रं किंवा फी परत न मिळणं, यांसाठी 2023 च्या यूजीसी नियमांनुसार प्रत्येक संस्थेत विद्यार्थी तक्रार निवारण समिती असायला हवी. तिथे दाद मिळाली नाही तर विद्यापीठाच्या लोकपालांकडे अपील करता येतं. इंग्लंड-वेल्समध्ये आधी विद्यापीठाची अंतर्गत प्रक्रिया पूर्ण करून तसं अंतिम पत्र घ्यावं लागतं, मग बारा महिन्यांच्या आत ‘ओआयए’ या स्वतंत्र कार्यालयाकडे जाता येतं. विद्यार्थ्याला त्यासाठी फी पडत नाही. ते पत्र मागून घ्या आणि जपून ठेवा.