ताट पोचतं, कूस कोण वळवणार?

कर्जतकडे निघालेली लोकल कल्याण सोडते आणि विठ्ठलवाडी, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर अशी गर्दी उतरवत जाते. दुखणं मोठं झालं की या पट्ट्यातल्या माणसाचा प्रवास उलटा सुरू होतो. आधी उल्हासनगर कॅम्प ३ मधलं सरकारी मध्यवर्ती रुग्णालय किंवा अंबरनाथचं छाया रुग्णालय, मग कल्याण, तिथंही भागलं नाही तर सायन नाहीतर केईएम. २०२० च्या उन्हाळ्यात लोकल बंद होत्या आणि करोनाच्या वॉर्डात पाऊल टाकायला भलेभले कचरत होते. त्या दिवसांत कल्याणच्या होली क्रॉस रुग्णालयात चाकांवरचा एक कर्मचारी रुजू झाला. त्याचं नाव कोरो-बॉट.

तो घडवला डोंबिवलीच्या प्रतीक तिरोडकर या अवघ्या २३ वर्षांच्या अभियंत्याने. रुग्णाला जेवण, पाणी आणि औषधं पोचवायची, हातावर सॅनिटायझर द्यायचं, कॅमेरा आणि स्पीकरवरून बोलणं करून द्यायचं, अशी त्याची कामं. चालवणारा वॉर्डाबाहेर, हातात मोबाइल, हुकूम इंटरनेटवरून. पीपीई किटमध्ये घामाघूम होऊन दिवसातून पाच-सहा वेळा आत-बाहेर करणाऱ्या सिस्टरच्या काही फेऱ्या वाचल्या, तरी त्या वेळी ते मोलाचं होतं.

हा एकटाच नव्हता. वरळीच्या पोदार रुग्णालयात ‘गोलर’ जेवण-औषधं वाटू लागला. पुणे स्थानकात रेल्वे सुरक्षा दलाचा ‘कॅप्टन अर्जुन’ प्रवाशांचा ताप मोजायला उभा राहिला. कुर्ल्याच्या डिझेल शेडमधल्या, एरवी इंजिनांच्या तेलात हात काळे करणाऱ्या मंडळींनी ‘रक्षक’ बांधला: १५० मीटरपर्यंत पल्ला, १० किलो ओझं, एकदा चार्ज केला की ६ तास काम. टंचाईच्या दिवसांत जवळ असेल त्यातून यंत्र उभं करायचं, ही या बाजूची जुनीच खोड. उल्हासनगरच्या बाजारपेठेने तर त्यावर अख्खं शहर वसवून दाखवलं.

कौतुक इथवर. अशा यंत्राचा खरा कस लागतो तो वॉर्डाच्या दारात.

आपल्या जुन्या रुग्णालयांत दाराला उंबरा नसला तरी कडाप्प्याची पट्टी असते, फरश्यांचे सांधे वरखाली असतात, लिफ्ट आणि मजला यांच्यात बोटभर फट असते. स्ट्रेचर ढकलणारे मामा तिथं नकळत हात उचलतात. रोबोटला हात उचलता येत नाही. वेग घेऊन चढवावा तर वरणाची वाटी हिंदकळते. सावकाश न्यावा तर चाक पट्टीला टेकून बसतं. चाक मोठं करावं तर ट्रे वर सरकतो आणि आडव्या पडलेल्या माणसाचा हात पोचत नाही. त्यात नेट मंदावलं की मोबाइलवरचं चित्र मागे राहतं. चालवणाऱ्याला यंत्र खाटेपासून हातभर दूर दिसतं आणि ते प्रत्यक्षात सलाईनच्या स्टँडला जाऊन भिडलेलं असतं. म्हणून संपर्क तुटला की आपणहून थांबणं हा अशा यंत्राचा पहिला गुण मानायला हवा.

आणि ताट खाटेशी पोचलं, पुढे काय? ज्याला उठून बसता येतं तो ते घेईल. पण वॉर्डात कठीण काम असतं ते उठू न शकणाऱ्यांचं. घास भरवणं, बेडपॅन देणं, चादर बदलणं, पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कूस वळवणं. हे सगळं मावशींच्या वाट्याला येतं, आणि त्यातलं एकही काम या रोबोटच्या यादीत नाही. ट्रे भरणं, यंत्र पुसणं, चार्जिंगला लावणं, पट्टीवर अडलं की उचलून पलीकडे ठेवणं ही कामं मात्र नव्याने जन्माला येतात. तीही कोण करणार, हे सांगायला नको.

ही काही आपलीच रड नाही. वृद्धसेवेच्या रोबोटांवर जपानने जेवढा पैसा ओतला तेवढा क्वचितच कुणी ओतला असेल. तिथल्या एका वृद्धाश्रमात जेम्स राइट या संशोधकाने माणसं उचलणारा ‘हग’, सीलच्या पिलासारखा दिसणारा ‘पारो’ आणि व्यायाम घेणारा ‘पेपर’ जवळून पाहिले, आणि २०२३ मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. त्यांचा निष्कर्ष असा की सेवकांचं काम कमी झालं नाही. पेपर हात वर करायचा, पण आजी-आजोबांनी करावेत म्हणून सेवकालाच शेजारी उभं राहून हात वर करावे लागायचे! नागासाकीच्या ‘हेन ना’ हॉटेलने २०१५ मध्ये रोबोटांच्या बळावर नाव कमावलं आणि २०१९ पर्यंत त्यातले निम्म्याहून जास्त कामावरून काढले. खोलीतली एक यांत्रिक बाहुली पाहुण्याचं घोरणं हा प्रश्न समजून त्याला झोपेतून उठवायची.

पारोची गोष्ट जरा वेगळी. कुरवाळलं की तो हुंकारतो, स्मृतिभ्रंशाचे रुग्ण त्याच्याजवळ शांत होतात. मग ते फसवणं झालं का? ब्रिटनमधल्या संशोधकांनी २०१० मध्ये रोबोटांसाठी जी तत्त्वं मांडली त्यात दुबळ्या माणसांना भुलवील अशी यंत्राची घडण नको, त्याचं यंत्रपण उघड असावं, असं म्हटलं आहे. तत्त्व पटतं. पण भ्रमिष्ट आजीच्या मांडीवरचं खोटं पिल्लू काढून घ्यायचं धाडस कुणी करावं, याचं उत्तर त्यात नाही.

हा प्रश्न जपानइतका लांबचा राहिलेला नाही. बदलापूरच्या नव्या इमारतींत मुलगा पुण्याला, मुलगी परदेशी आणि घरात दोघंच, अशी घरं वाढली आहेत. ब्युरोची बाई दिवसाचे पैसे घेते आणि सणाला दांडी मारते. अशा घरात बोलणारं, औषधाची आठवण देणारं, कॅमेरावालं यंत्र मुलं आनंदाने आणतील. ते न्हाणीघराच्या दाराकडे तोंड करून ठेवायचं की नाही, हे आई-वडिलांना कुणी विचारेल का? २०२३ च्या वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात संमतीची भाषा आहे, पण कुणी घरगुती वापरासाठी माहिती हाताळली तर तो कायदा लागूच होत नाही. लेकाने आईवर लावलेल्या कॅमेऱ्याला आईने विचारायचं ते लेकालाच.

रुग्णालयाचं तसं नाही. तिथं कागद लागतो, म्हणजे अटही घालता येते. ९ ऑक्टोबर २०२४ रोजी पंतप्रधानांनी राज्यातल्या ज्या १० वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन केलं त्यांत अंबरनाथचं एक आहे. तिथल्या वॉर्डात उद्या असा रोबोट यायचा असेल तर जरूर यावा, संसर्गाच्या खोलीत तर आधी यावा. फक्त निविदेत दोन ओळी स्पष्ट हव्यात: कॅमेरा रुग्णाला विचारल्याशिवाय चालू होणार नाही, आणि यंत्राच्या नावाखाली मावशी-मामांचं एकही पद कमी होणार नाही. एवढं लिहून मिळत नसेल, तर ते पैसे कंत्राटावर राबणाऱ्या मावशींना कायम करण्यात घालावेत.