तारांचा पीळ आणि पिनांचा क्रम

घरात वा लहानशा कचेरीत संगणकांची जोडणी करताना तयार केबल विकत न आणता, केबलचे वेटोळे, मूठभर आरजे-४५ कनेक्टर आणि क्रिम्पिंग टूल एवढ्या सामग्रीवर हव्या त्या लांबीची केबल स्वहस्ते सिद्ध करणे कोणाही चिकाटीच्या माणसाला साध्य आहे. परंतु दोन्ही टोकांना रंगांचा क्रम सारखा असला म्हणजे कोणताही क्रम चालतो, हा जो समज कारागिरांतही रूढ आहे, तो मुळातच सदोष आहे.

केबलचे आवरण सोलले असता आत नारिंगी, हिरवी, निळी व तपकिरी अशा चार जोड्या दिसतात. प्रत्येक जोडीत एक तार पूर्ण रंगाची, तर दुसरी त्याच रंगाची पट्टी असलेली पांढरी असते आणि दोघींना एकमेकींभोवती पीळ दिलेला असतो. संकेत या दोन तारांतून परस्परविरुद्ध रूपाने वाहतो व पलीकडचे यंत्र दोहोंतील अंतर तेवढे मोजते. त्यामुळे बाहेरून आलेला विद्युत्‌क्षोभ पिळामुळे दोन्ही तारांवर सारखाच पडून वजाबाकीत नाहीसा होतो. ही युक्ती टेलिफोनसाठी अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांनी १८८१ साली पेटंट केली होती. १९७३ साली झेरॉक्सच्या प्रयोगशाळेत जन्मलेले इथरनेट आरंभी जाड समाक्ष केबलवर चाले. १९९० च्या मानकाने त्याला या पीळदार जोड्यांवर आणले.

सर्रास वापरला जाणारा टी-५६८-बी हा क्रम असा: पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. ए पद्धतीत नारिंगी व हिरव्या जोड्यांची अदलाबदल होते. गुण दोहोंचे सारखेच. हिरवी जोडी तिसऱ्या व सहाव्या पिनेवर विभागली जाते, याचे कारण टेलिफोनच्या परंपरेत आहे: तेथे मधल्या दोन पिना पहिल्या लाइनसाठी व त्यांच्या दोन बाजूंच्या पिना दुसऱ्या लाइनसाठी राखलेल्या असत.

आता एखाद्याने सोयीखातर जोड्या ओळीने लावल्या, तर तिसऱ्या पिनेवर हिरव्या जोडीची आणि सहाव्या पिनेवर निळ्या जोडीची तार येते, आणि ज्या दोन तारांनी एक संकेत वाहायचा त्यांना परस्परांचा पीळच उरत नाही. साधा टेस्टर केवळ धातूचा सलगपणा तपासत असल्याने त्याचे आठही दिवे क्रमाने लागतात व केबल निर्दोष ठरते. प्रत्यक्षात मात्र, विशेषतः लांब केबलवर, वेग घसरतो आणि जोडणी वारंवार तुटते. १०० मेगाबिटपर्यंत पहिली, दुसरी, तिसरी व सहावी याच पिना कामी येतात. १९९९ च्या गिगाबिट मानकाने चारही जोड्या कामाला लावल्यापासून एकाही जोडीची हयगय परवडत नाही.

कनेक्टरची कळ खाली व तारा शिरण्याचे तोंड आपल्याकडे धरल्यास डावीकडची पहिली पिन. पीळ १३ मिलिमीटरहून अधिक उलगडू नये आणि बाहेरचे आवरण कनेक्टरच्या आत दाबले जाईल अशी तजवीज करावी. तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमची स्वस्त केबल घेण्याचा मोह टाळावा.

टेस्टरने मंजूर केलेली केबल तरीही रखडत असेल, तर राउटरला दोष देण्यापूर्वी पारदर्शक कनेक्टरमधून तिसरी व सहावी तार पाहा. त्या एकाच जोडीतल्या नसतील, तर ते टोक कापून नव्याने बसवा, आणि दुसरे टोकही तपासल्यावाचून सोडू नका.