विनोद शब्दांत, चाल मात्र गंभीर: फाउंटन्स ऑफ वेनचा पहिला अल्बम

या भागात एकच अल्बम: फाउंटन्स ऑफ वेन या अमेरिकन बँडचा पहिला, १९९६ चा. नाव बँडचंच.

आधी पॉवर पॉप म्हणजे काय ते सांगतो. हा शब्द ‘द हू’च्या पीट टाउनशेंडने १९६७ मध्ये वापरला. चाल बीटल्ससारखी गोड, एकदा ऐकली की डोक्यात बसणारी, आणि तिच्याखाली गिटार मात्र जोरात करकरणारी. गाणं तीनेक मिनिटांत संपतं.

अ‍ॅडम श्लेसिंजर आणि क्रिस कॉलिंगवुड हे कॉलेजचे मित्र. अल्बमवर बहुतेक सगळं या दोघांनीच वाजवलंय. बँडचं नाव न्यू जर्सीतल्या वेन गावातल्या एका दुकानाचं. बागेत ठेवायची कारंजी, पुतळे वगैरे मिळायचे तिथे. गाण्यांतली माणसंही अशीच, उपनगरातली.

‘लीव्ह द बाइकर’ घ्या. आवडती मुलगी एका दांडगट बाइकवाल्याबरोबर फिरते, आणि आपला हिरो नुसता जळतोय. शब्द ऐकून हसू येतं. पण चाल त्याची टिंगल करत नाही, ती अगदी मनापासून विनवणी करते. माझ्या मते सगळी गंमत इथेच आहे. संगीतानेही डोळा मारला असता तर हे विडंबन झालं असतं, दोनदा ऐकून विसरलो असतो.

‘सिक डे’ त्याहून भारी. सकाळी ऑफिसला निघालेली एक बाई, आणि ख्रिस्ती प्रार्थनेतल्या ‘टेम्प्टेशन’च्या जागी न्यूयॉर्कचं ‘पेन स्टेशन’! कोटी म्हणून फालतूच आहे खरं तर. पण चाल इतकी हळवी आहे, की रोज लोकल पकडणाऱ्याला ती खरीच प्रार्थना वाटेल.

त्याच वर्षी टॉम हँक्सच्या ‘दॅट थिंग यू डू!’साठी श्लेसिंजरने शीर्षकगीत लिहिलं. काम अवघड होतं. गाणं १९६४ मधलं वाटायला हवं, आणि सिनेमाभर पुन्हापुन्हा वाजूनही कंटाळा येता कामा नये. त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं.

पुढे २००३ मध्ये ‘स्टेसीज मॉम’ गाजलं आणि लोकांनी यांना गमतीजमतीचा बँड ठरवून टाकलं. हे मला अजून खटकतं. १ एप्रिल २०२० ला कोविडने श्लेसिंजर गेला, तेव्हा तो ५२ वर्षांचा होता.

ऐकायला सुरुवात ‘रेडिएशन व्हाइब’पासून करा, अल्बमही तिथूनच सुरू होतो. ‘सिक डे’ मात्र सोमवारी सकाळसाठी राखून ठेवा.