येवा येण्याआधीचे पंधरा दिवस

डिसेंबर २०१२ च्या सुरुवातीला उत्तर कॅलिफोर्नियात धो धो पाऊस झाला आणि युकाया शहराजवळचा मेंडोसिनो जलाशय भरत आला. या धरणात हिवाळ्यात एका ठराविक पातळीच्या वर पाणी ठेवायचे नाही, वरची जागा पुरासाठी मोकळी ठेवायची, असा तेव्हाचा नियम. त्यामुळे जादा पाणी रशियन नदीत सोडण्यात आले आणि नदीवाटे ते पॅसिफिक महासागराला जाऊन मिळाले. नियम तंतोतंत पाळला गेला. पण पुढे पाऊसच आला नाही. २०१३ हे साल कॅलिफोर्नियाच्या नोंदींतले सर्वांत कोरडे साल ठरले आणि वर्षाअखेर जलाशयाच्या कडेची भेगाळलेली माती उघडी पडली. सोडून दिलेले पाणी तिथल्या द्राक्षमळ्यांना, शहरांना आणि नदीतल्या सॅमन माशांना हवे होते. चूक कोणाचीच नव्हती. पाणी सोडतानाच्या दिवसांत पुढच्या आठवडाभराचे हवामान काय असणार, हे हवामानखात्याला बऱ्यापैकी ठाऊक होते. मात्र धरणाच्या नियमपुस्तिकेत त्या माहितीला जागाच नव्हती.

मेंडोसिनो जलाशय तसा लहान आहे. काठोकाठ भरला तर साधारण पाच टीएमसी (अब्ज घनफूट), म्हणजे आपल्या पानशेतच्या निम्मे. ज्या धरणामुळे तो तयार झाला ते मातीचे कोयोटी व्हॅली धरण १९५८ मध्ये बांधून झाले. हवामानाचे निरीक्षण करणारा पहिला उपग्रह अवकाशात गेला १९६० साली. म्हणजे धरणाचे परिचालन ठरवणाऱ्या अभियंत्यांपुढे ना ढगांची छायाचित्रे होती, ना संगणकी प्रारूपे. त्यांच्याजवळ होते ते मागच्या पावसाचे आकडे आणि दिनदर्शिका. म्हणून त्यांनी दिनदर्शिकेवरच नियम बेतला: पावसाळ्यात, म्हणजे तिथल्या हिवाळ्यात, पाणी तीन टीएमसीच्या आत ठेवा; वसंत ऋतू लागला की हळूहळू पावणेपाचच्या आसपास जाऊ द्या. त्या काळाच्या ज्ञानात याहून शहाणा नियम करता आला नसता. पुस्तिकेत मोठा बदल झाला तो १९८६ मध्ये. त्यानंतर हवामानशास्त्र कुठल्या कुठे गेले, हवामानही बदलले, आणि शेजारच्या ईल नदीतून बोगद्याने येणारे पाणी तिथल्या माशांच्या रक्षणासाठी कमी करण्यात आले. येवा, म्हणजे धरणात येणारे पाणी, घटला, पण पातळीचा आलेख होता तसाच राहिला.

रशियन नदीला येणाऱ्या पुराचे एक वैशिष्ट्य आहे, आणि पुढची सगळी गोष्ट त्यावरच उभी आहे. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात समुद्रावरून बाष्पाचे लांबच लांब पट्टे येऊन आदळतात. काही शे किलोमीटर रुंद आणि हजारो किलोमीटर लांब अशा या पट्ट्यांना शास्त्रज्ञ वातावरणीय नद्या म्हणतात. चांगली भरलेली अशी एक नदी ॲमेझॉनच्या प्रवाहाइतके किंवा त्याहूनही अधिक पाणी बाष्परूपात वाहून नेते. हवामानशास्त्रज्ञ मार्टी राल्फ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ मध्ये रशियन नदीच्या आधीच्या नऊ-एक वर्षांतल्या सातही पुरांचा माग काढला, तेव्हा सातांच्याही मुळाशी अशी वातावरणीय नदीच निघाली.

यातून एक साधी, पण फार मोलाची गोष्ट हाती लागते. समुद्रावर वातावरणीय नदी दिसत नसेल, तर पूर येण्याची शक्यता जवळपास नाही. नेमका किती मिलिमीटर पाऊस पडेल हे आठवडाभर आधी सांगणे अवघड. पुढच्या पाच-सात दिवसांत मोठा पाऊस येणार नाही, हे सांगणे त्या मानाने खूपच सोपे. अंदाज म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे वादळाचा इशारा येतो. धरण सांभाळणाऱ्याला मात्र ‘काही येत नाही’ हा अंदाज तितकाच, काही वेळा जास्तच, उपयोगी पडतो. त्याच्या भरवशावर तो पाणी राखून ठेवू शकतो, आणि समुद्रावर बाष्पाचा पट्टा दिसू लागला की बेताबेताने सोडू शकतो.

अंदाजावर धरण चालवण्याचे हे काम कोणा एका खात्याचे नव्हते. २०१४ मध्ये सोनोमा काउंटीच्या पाणी संस्थेचे मुख्य अभियंता जे जास्पर्स आणि सॅन दिएगोच्या स्क्रिप्स समुद्रविज्ञान संस्थेतले राल्फ यांच्या संयुक्त अध्यक्षतेखाली एक सुकाणू समिती नेमली गेली. पूरनियंत्रणाचा अधिकार ज्यांच्याकडे आहे ते लष्कराचे अभियंता दल, हवामान संस्था ‘नोआ’, भूगर्भ सर्वेक्षण आणि राज्याचे जलसंपदा खाते, सगळे एका टेबलाशी आले. मला यातले सर्वांत महत्त्वाचे वाटते ते हे, की शास्त्रज्ञांनी साधन आधी तयार करून मग ते अभियंत्यांच्या गळ्यात मारले नाही. अभियंत्यांनी आधी प्रश्न घातला: आमच्या धरणातून पाणी सुरक्षितपणे सोडायला काही दिवस लागतात, खालच्या नदीची सामावण्याची ताकद इतकीच आहे, तर आम्हाला किती दिवस आधी, कशाबद्दल आणि किती खात्रीने सांगाल? संशोधन त्या प्रश्नाला बांधून घेऊन झाले.

अंदाज सुधारायचा तर आधी समुद्रावरची निरीक्षणे हवीत. वातावरणीय नदीतले बहुतेक बाष्प समुद्रसपाटीपासून खालच्या काही किलोमीटरांत असते, आणि नेमका तोच भाग ढगांखाली झाकलेला असल्याने उपग्रहाला नीट दिसत नाही. म्हणून २०१६ पासून अमेरिकी हवाई दलाच्या राखीव तुकडीतली चक्रीवादळांत घुसणारी विमाने हिवाळ्यात पॅसिफिकवर पाठवली जाऊ लागली. उंचावरून उडत ती बाष्पाचा पट्टा आडवा कापतात आणि ठराविक अंतरावर हातभर लांबीची एकेक नळी खाली सोडतात. तिला छोटे पॅराशूट असते. समुद्रात पडेपर्यंत ती तापमान, दाब, आर्द्रता आणि वारा यांचे आकडे सतत विमानाला कळवत राहते आणि मग पाण्यात बुडून जाते. हे आकडे काही तासांत जगभरच्या अंदाज प्रारूपांत पोहोचतात. समुद्रावर तरंगणाऱ्या, हवेचा दाब मोजणाऱ्या बोयाही सोडल्या जातात. जमिनीवर, रशियन नदीच्या खोऱ्यात, पर्जन्यमापकांच्या जोडीला मातीतला ओलावा मोजणारी उपकरणे पुरली आहेत. तहानलेली माती पहिला पाऊस पिऊन टाकते, भिजलेल्या मातीवरून तोच पाऊस थेट नदीत येतो. येव्याचा हिशेब या फरकावर बदलतो.

आता नियंत्रण कक्षात हे सगळे कसे उतरते ते पाहू. कॅलिफोर्निया-नेवाडाचे नदी अंदाज केंद्र धरणाला एक अंदाज देत नाही, एकसष्ट देते. पुढच्या पंधरा दिवसांत येवा कसा असेल याच्या एकसष्ट शक्यता, प्रत्येकीला सारखेच वजन. याला एन्सेम्बल म्हणतात. सोनोमाच्या अभियंत्यांनी बनवलेले प्रारूप यातल्या प्रत्येक शक्यतेप्रमाणे धरण दिवसागणिक भरून पाहते आणि कितींमध्ये पाणी पावणेपाच टीएमसीची लक्ष्मणरेषा ओलांडते, हे मोजते. समजा आठव्या दिवशी एकसष्टपैकी वीस शक्यतांत ती ओलांडली जाते. हे चालेल का? त्याचे उत्तर एका ठरवून दिलेल्या वक्ररेषेत असते. उद्या-परवासाठी धोका जवळजवळ शून्य हवा, कारण हाताशी वेळ नाही. बाराव्या दिवसाचा धोका थोडा जास्त असला तरी चालतो, कारण अंदाज बदलायला आणि पाणी सोडायला अवधी आहे. मर्यादा मोडली जात असेल तर प्रारूप आज किती क्यूसेक विसर्ग केला म्हणजे ती पाळली जाईल, तेवढाच विसर्ग सुचवते. दुसऱ्या दिवशी नवे एकसष्ट अंदाज येतात आणि सगळा हिशेब पुन्हा पहिल्यापासून होतो. आकडा सुचवते यंत्र, आदेशावर सही करतो माणूस.

या पद्धतीचा प्रामाणिकपणा मला फार भावतो. तिच्यात अनिश्चितता लपवलेली नाही, मोजलेली आहे. ‘मुसळधार पावसाची शक्यता’ या तीन शब्दांवर कोणताही जबाबदार अभियंता धरण रिकामे करणार नाही, आणि त्याने करूही नये. एकसष्टपैकी किती, कोणत्या दिवशी, किती पाणी सोडले तर किती उरतील, हे समोर असले तर निर्णय घेता येतो आणि नंतर त्याचे समर्थनही करता येते.

प्रत्यक्ष धरणावर हात घालण्याआधी परीक्षा झाली ती कागदावर. १९८५ ते २०१० या काळातल्या दिवसांसाठी त्या-त्या वेळी अंदाज काय निघाला असता, हे नव्याने काढले गेले आणि धरण त्या अंदाजांवर चालवले असते तर काय झाले असते, ते तपासले. पावसाळा संपताना, म्हणजे १० मे रोजी, धरणातला मध्यक साठा जुन्या नियमापेक्षा ३३ टक्क्यांनी जास्त निघाला, आणि खालच्या भागातले पूर लक्षणीय वाढले नाहीत. मग लष्करी अभियंता दलाने पुस्तिकेपासून ठराविक मर्यादेत फारकत घेण्याची लेखी परवानगी दिली. २०२० चा हिवाळा या खोऱ्यातल्या अतिकोरड्या हिवाळ्यांपैकी एक ठरला. तरी त्या वसंतात धरणात जुन्या नियमाने राहिले असते त्यापेक्षा साधारण अर्धा टीएमसी, म्हणजे १९ टक्के, पाणी जास्त होते. त्यासाठी भिंत एक फूटही वाढवावी लागली नाही. आता दक्षिण कॅलिफोर्नियातले प्राडो धरण, ओरोव्हिल आणि न्यू बुलर्ड्स बार ही मोठी धरणे यांच्यासाठीही हेच काम सुरू आहे.

हे वाचताना महाराष्ट्रातल्या माणसाला कोयना धरण आठवल्याशिवाय राहणार नाही. ऑक्टोबर २०१८ मध्ये राज्यातल्या १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर झाला. पुढच्या वर्षीचा पाऊस लांबला, जून २०१९ कोरडाच गेला. त्या जूनमध्ये कोणी कोयनेतून पाणी सोडा म्हटले असते तर त्याला वेड्यात काढले असते. आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात कोयनेचे पाणी जिला मिळते ती कृष्णा सांगलीच्या आयर्विन पुलापाशी ५७ फुटांवर होती. धोक्याची पातळी ४५ फूट. पूर ओसरल्यावर वाद पेटला: धरणे आधीच का रिकामी केली नाहीत? वाद अजून विझलेला नाही, आणि केवळ आठवणींवर तो विझणारही नाही.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतले रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये दाखवून दिले की १९५० ते २०१५ या काळात मध्य भारतात, ज्यात महाराष्ट्रही येतो, विस्तृत भागावर कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. हवा एक अंश सेल्सियसने तापली की तिच्यात सुमारे सात टक्के बाष्प जास्त मावते. दिनदर्शिकेवर बेतलेल्या आपल्या धरणांच्या परिचालन सूच्या ज्या पावसाच्या आकड्यांवरून तयार झाल्या, तो पाऊसच आता तसा पडत नाही.

कॅलिफोर्नियाची पद्धत उचलून इथे ठेवता येणार नाही, हेही तितकेच खरे. तिथला पूर समुद्रावरून येणाऱ्या एका ओळखीच्या पाहुण्यामुळे येतो. आपल्या घाटमाथ्यावर नवजा, महाबळेश्वरला पडणारा पाऊस बंगालच्या उपसागरातल्या कमी दाबाच्या पट्ट्यापासून अरबी समुद्रावरच्या वाऱ्यांपर्यंत अनेक गोष्टींवर अवलंबून असतो आणि सह्याद्रीच्या उतारावरून येवा काही तासांत धरणात येतो. सांगलीला वेढणारे पाणी एकट्या कोयनेचे नसते. वारणा आहे, पंचगंगा आहे, धरणांच्या खालच्या भागात पडलेला पाऊस आहे, आणि पुढे कर्नाटकात अलमट्टी धरण आहे. राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे पाणी ठराविक पातळीला पोहोचले की आपोआप उघडतात, त्यांना कुठला अंदाज कळतच नाही. 

तरी साहित्य आपल्याकडे कमी नाही. कृष्णा आणि भीमा खोऱ्यांसाठी प्रवाहाचा तात्काळ अंदाज आणि जलाशय परिचालन यांची संगणकीय प्रणाली राज्याच्या जलसंपदा विभागाने दशकभरापूर्वीच उभारली. एन्सेम्बल अंदाजांची सुमारे साडेबारा किलोमीटरची यंत्रणा देशात २०१८ पासून चालू आहे आणि मे २०२५ मध्ये सहा किलोमीटरपर्यंत बारकाव्याने पाहणारी भारत अंदाज प्रणाली सुरू झाली. दोन्हींचे मोठे काम पुण्यातल्या पाषाणला झाले. खडकवासल्याला केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्र आहे, त्याची सुरुवात १९१६ ची. कोयनेची रोजची पातळी, येवा, विसर्ग आणि पायथा वीजगृहातून सोडलेले पाणी यांच्या नोंदी जलसंपदा विभागाकडे पडून आहेत.

त्यामुळे पहिले काम नवे यंत्र विकत घेण्याचे नाही. २००५, २००६, २०१९ आणि २०२१ चे जुलै-ऑगस्ट घ्यायचे, त्या-त्या दिवशी आजच्या प्रारूपाने काय अंदाज दिला असता ते काढायचे आणि कोयना, वारणा, राधानगरी एकत्र चालवून आयर्विन पुलावर पाणी किती फूट चढले असते ते मोजायचे. २०१५ सारखी तुटीची वर्षेही त्यात हवीतच, म्हणजे अंदाजावर विसंबून सोडलेले पाणी कोणत्या वर्षी परत मिळाले नसते, तेही आकड्यांत दिसेल. आणि हे सगळे आकडे सांगली-कोल्हापूरच्या लोकांपुढे उघड ठेवायला हवेत.