फाइल सापडली, पण आली कुठून?

संगणकात सापडलेली फाइल त्याच्या मालकाचीच, असे आपण सहज धरून चालतो. ही समजूत किती ठिसूळ आहे, हे नागपुरातल्या जरीपटका भागातल्या एका संगणकाच्या प्रकरणावरून कळते. १७ एप्रिल २०१८ रोजी पुणे पोलिसांनी नागपूरचे वकील सुरेंद्र गडलिंग यांच्या घराची झडती घेतली आणि ६ जूनला भीमा-कोरेगाव प्रकरणात त्यांना अटक केली. पुढे ‘आर्सेनल कन्सल्टिंग’ या अमेरिकी संस्थेने बचाव पक्षाच्या वतीने त्यांच्या हार्डडिस्कची प्रत तपासली. २०२१ साली समोर आलेल्या तिच्या अहवालानुसार, फेब्रुवारी २०१६ ते नोव्हेंबर २०१७ असे २० महिन्यांहून अधिक काळ ‘नेटवायर’ या मालवेअरच्या आधारे तिऱ्हाईत कुणीतरी तो संगणक दुरून हाताळत होता. किमान १४ महत्त्वाची कागदपत्रे त्यात बाहेरून सोडली गेली. ती गडलिंग यांच्या संगणकावर कधी उघडली गेल्याची खूण मात्र मिळाली नाही.

अहवाल बचाव पक्षासाठी केलेला, मग तो खरा कशावरून? राष्ट्रीय तपास संस्थेनेही (एनआयए) तो मानला नाही. पुण्याच्या सरकारी प्रयोगशाळेला मालवेअर आढळले नाही, असे एनआयएचे म्हणणे. आरोपांचा निवाडा न्यायालयच करील. पण अहवाल कुणी करवून घेतला, यावर त्याची किंमत ठरू नये. फाइल कोणत्या प्रोग्रॅमने, कोणत्या क्षणी लिहिली याचे माग बहुधा डिस्कवर उरतात आणि दुसरा जाणकार ते पुन्हा तपासू शकतो. म्हणूनच ‘मग प्रत्येक आरोपी मालवेअरकडेच बोट दाखवील’ ही भीतीही टिकत नाही. ज्याच्या डिस्कवर तसे माग नाहीत, त्याचा दावा तिथेच कमकुवत होतो. नव्या साक्ष कायद्यानुसार डिजिटल पुराव्यासोबत हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून काढलेली ओळखखूण, द्यावी लागते. हॅश घेतल्यानंतर प्रतीत फेरफार झाला नाही, एवढेच त्यातून सिद्ध होते. त्याआधी फाइल कुणी ठेवली, हे हॅश सांगत नाही.

जुना लॅपटॉप विकत घेणाऱ्यालाही हेच लागू पडते, कारण आधीच्या मालकाच्या फाइलींबरोबर त्याच्याकडे शिरलेले मालवेअरही आपल्या घरी येते. अँटीव्हायरस चालवला की झाले, असे दुकानदार सांगतात. पण अँटीव्हायरस मुख्यतः ओळखीचेच पकडतो. फाइल कुणाची, ते त्याला कळत नाही. त्यामुळे कुतूहलापोटी जुने फोल्डर उघडू नका आणि त्यातले काही पेनड्राइव्हवरही घेऊ नका. दुसऱ्या, भरवशाच्या संगणकावर मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत साइटवरून विंडोज उतरवून घ्या, जुन्या लॅपटॉपच्या डिस्कवरचे सगळे पार्टिशन पुसा आणि विंडोज नव्याने टाका. दुकानात आधीच ‘भरून’ दिलेले क्रॅक केलेले विंडोज ठेवू नका. मालवेअर काढण्याची मोफत साधने सरकारच्या ‘सायबर स्वच्छता केंद्रा’च्या संकेतस्थळावर मिळतात. खरेदीची तारखेसह पावती मात्र आवर्जून घ्या आणि जपून ठेवा. तो संगणक कोणत्या दिवसापासून तुमचा, हे सांगणारा कागद तोच.