गावचे ब्रॉडबँड : ग्रामपंचायतीने चालवावे काय?

यवतमाळ जिल्ह्यातील शेतकऱ्यास बियाणे, खते व पाणी यांच्या जोडीस आज आणखी एका साधनाची गरज भासू लागली आहे. ते साधन म्हणजे इंटरनेट होय. २०२१ पासून शेतातील पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः मोबाईलवरून ई-पीक पाहणीत करावयाची असते. अनुदानाच्या योजनांचे अर्ज महाडीबीटी संकेतस्थळावर भरावे लागतात. २०२५-२६ च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस विकण्यासाठी ‘कपास किसान’ ॲपवर नाव नोंदविणे आवश्यक करण्यात आले. त्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८,११० रुपये होता. परंतु गावात रेंज नाही म्हणून ज्याची नोंदणीच झाली नाही, त्याच्या दृष्टीने हा भाव कागदावरच राहतो. मग खेड्यात मिळेल त्या दरास कापूस देणे अथवा मजुरी बुडवून तालुक्याच्या गावी खेटे घालणे, एवढेच त्याच्या हाती उरते.

अशा गावी खाजगी कंपनी येत नसेल, तर ग्रामपंचायतीने स्वतः ब्रॉडबँड द्यावे काय? आणि कंपनी आलेली असेल, तर तिच्याशी स्पर्धा करावी काय? या दोन प्रश्नांचा विचार गावाने ग्रामसभेत करणे अगत्याचे आहे.

तार कोठवर आली?

ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्र शासनाने राष्ट्रीय ऑप्टिकल फायबर जाळ्याची योजना मंजूर केली. देशातील सुमारे अडीच लाख ग्रामपंचायती काचेच्या तंतूच्या तारेने जोडणे हा तिचा हेतू होता. २०१५ मध्ये या योजनेस ‘भारतनेट’ हे नाव मिळाले. महाराष्ट्रात दुसऱ्या टप्प्याचे काम ‘महानेट’ या नावाने राज्याच्या माहिती तंत्रज्ञान महामंडळाकडे सोपविण्यात आले. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने १,३९,५७९ कोटी रुपयांची सुधारित योजना मंजूर केली. पूर्वीच्या आखणीत तार झाडाच्या फांदीसारखी जात असे. रस्त्याच्या कामात ती एके ठिकाणी तुटली की पुढील सारी गावे बंद पडत. सुधारित योजनेत ती कड्यासारखी फिरविण्याचे ठरले आहे. त्यामुळे एका बाजूने तुटली तरी दुसऱ्या बाजूने काम चालू राहू शकते.

तथापि एक गोष्ट ध्यानात घ्यावी. ही तार ग्रामपंचायतीच्या कचेरीपर्यंत येते. तेथून घरापर्यंत ती कोणी न्यावी, हाच खरा प्रश्न आहे. झरी-जामणी, मारेगाव, केळापूर, घाटंजी या तालुक्यांतील कोलाम बांधवांचे पोड मूळ गावापासून दूर असतात. कचेरीत यंत्र बसले म्हणून पोडावरील शेतकऱ्यास इंटरनेट मिळाले, असे होत नाही.

दोन्ही बाजू

ग्रामपंचायतीच्या बाजूने असे म्हणता येते की, कंपनी नफ्याचा हिशेब पाहते. जेथे थोड्या तारेत पुष्कळ ग्राहक मिळतात तेथे ती आधी जाते; विरळ वस्तीकडे ती वळत नाही. गावाने रस्ता केला, विहीर बांधली, दिवाबत्ती केली, ती नफ्यासाठी नव्हे. इंटरनेट हीदेखील आता तशीच सोय झाली आहे. शिवाय गावात एकच कंपनी असेल, तर दर व सेवा या दोहोंवर तिचेच राज्य चालते.

विरुद्ध बाजूही तितकीच विचारात घेण्याजोगी आहे. ग्रामपंचायतीकडे या कामाचे जाणकार नोकर नसतात. यंत्रे लवकर जुनी होतात. या कामात पैसा अडकला, तर पाणीपुरवठा व स्वच्छता यांस तो कमी पडतो. आणखी असे की, रस्ता खोदण्याची अथवा मनोरा उभारण्याची परवानगी मागण्यास कंपनी ग्रामपंचायतीकडेच येते. जिने परवानगी द्यावयाची तिनेच दुकान थाटले, तर दुसऱ्याची वाट अडविण्याचा मोह तिला होऊ शकतो.

कापसाच्या बाजारातील धडा

या प्रश्नाचे उत्तर यवतमाळच्या शेतकऱ्यास परके नाही. कापसाच्या बाजारात त्याने ते दोन प्रकारे पाहिले आहे.

१९७१ च्या कायद्यान्वये महाराष्ट्रात कापूस एकाधिकार खरेदी योजना आली आणि १९७२-७३ च्या हंगामापासून ती अमलात आली. व्यापाऱ्याच्या लुटीतून शेतकऱ्यास सोडविणे हा तिचा हेतू चांगला होता. परंतु खरेदीदार एकटे शासनच उरले. चुकाऱ्यास विलंब होऊ लागला. शेजारच्या राज्यात भाव चढला की कापूस चोरून सीमेपलीकडे जाई. तेथे भाव पडला की बाहेरचा कापूस आत येई. योजनेचा तोटा वाढत गेला आणि २००२ मध्ये खाजगी खरेदीस वाट मोकळी करावी लागली.

आज सीसीआय हमीभावाने कापूस घेते, पण व्यापाऱ्यास बाजारातून हाकलीत नाही. भाव पडला तर शेतकऱ्यास एक आधार असतो; भाव चढला तर तो व्यापाऱ्यास माल देण्यास मोकळा असतो. सार्वजनिक संस्था बाजारात उभी असावी, परंतु एकटी उभी नसावी, हे यातून दिसून येते. ब्रॉडबँडलाही हेच लागू पडते.

वसुलीवाचून सेवा टिकत नाही

दुसरा धडा नगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील आहे. तेथे १९६९ मध्ये मुळा-प्रवरा विद्युत सहकारी संस्था स्थापन झाली. वीज मंडळाकडून ठोक वीज घ्यावयाची आणि सभासदांस पुरवावयाची, अशी तिची रीत होती. स्थानिक लोकांची वीजसंस्था म्हणून तिचे कौतुक झाले. परंतु घेतलेल्या विजेचे देणे साचत गेले आणि २०११ मध्ये त्या क्षेत्रातील वीजवितरण महावितरणकडे गेले. संस्था गावाची असली तरी बिलाची वसुली झाली पाहिजे, यास सूट नाही.

परदेशातही हेच दिसते. अमेरिकेतील चॅटनूगा शहराच्या वीजसंस्थेने २०१० मध्ये आपल्या क्षेत्रात सेकंदास एक गिगाबिट वेगाचे इंटरनेट देऊ केले व ते टिकविले. वीजजाळे सुधारण्यासाठी तिला तार टाकावयाची होतीच, केंद्राचे अनुदान मिळाले होते आणि बिलवसुलीची घडी बसलेली होती. याउलट प्रोव्हो या शहराने कर्ज काढून उभारलेले जाळे २०१३ मध्ये अवघ्या एक डॉलरला गूगल कंपनीस दिले. कर्जाचे हप्ते मात्र नागरिकांच्या माथी राहिले. आपल्याकडे केरळ राज्याने २०२३ मध्ये ‘के-फोन’ हे जाळे सुरू केले. त्याची तार मुख्यतः वीज मंडळाच्या खांबांवरून नेण्यात आली. ज्यास आधीपासून खांब, माणसे व वसुली यांचा आधार आहे, त्यास हे काम सोपे जाते, असा याचा अर्थ आहे.

गावास झेपेल असा मार्ग

दूरसंचार हा विषय राज्यघटनेने केंद्राकडे दिला आहे. परवान्यावाचून ग्रामपंचायतीस इंटरनेट कंपनी होता येत नाही. परंतु डिसेंबर २०२० मध्ये केंद्राने मंजूर केलेल्या ‘पीएम-वाणी’ योजनेत लहान वाट मोकळी आहे. या योजनेखाली किराणा दुकानदार, बचत गट अथवा ग्रामपंचायत ‘पब्लिक डेटा ऑफिस’ उघडू शकते. त्यास परवाना अथवा नोंदणी शुल्क लागत नाही. कोणत्याही कंपनीची जोडणी घ्यावी, वाय-फाय यंत्र बसवावे आणि लहान रकमेच्या कूपनांवर ती सेवा विकावी, अशी ही रीत आहे. पूर्वी अशा केंद्रांकडून जोडणीचे भारी दर घेतले जात. जून २०२५ मध्ये दूरसंचार नियामक प्राधिकरणाने ठरविले की, २०० एमबीपीएसपर्यंतची घरगुती जोडणी या केंद्रांस घरगुती दराच्या दुपटीहून अधिक दराने देऊ नये.

हिशेब मात्र आधी मांडावा. उदाहरणादाखल, जोडणीचे १,२००, वीज व बॅटरीचे ३०० आणि देखभाल करणाऱ्या तरुणाचे मानधन १,५०० असा महिन्यास ३,००० रुपये खर्च धरू. महिन्यास ३० रुपयांचे कूपन घेणारे १०० लोक मिळाले तर खर्च भागतो. ४० च मिळाले तर महिन्यास १,८०० आणि वर्षास २१,६०० रुपयांची तूट येते. ती कोठून भरावयाची हे आरंभीच ठरले पाहिजे.

ग्रामपंचायत अधिकारी व सहायक कृषी अधिकारी यांनी पुढील गोष्टींकडे लक्ष द्यावे :

१. गावात व प्रत्येक पोडावर कोणत्या कंपनीची रेंज मिळते, कोठे मिळत नाही, याची प्रत्यक्ष फिरून यादी करावी.

२. जेथे दोन-तीन कंपन्या चांगली सेवा देत आहेत, तेथे ग्रामपंचायतीने दुकान मांडू नये. तो पैसा दुसऱ्या कामी लावावा.

३. जेथे कोणीच येत नाही, तेथे प्रथम केंद्र काढावे; शक्यतो बचत गटाच्या हाती द्यावे.

४. खांब, खोली व रस्त्याची परवानगी सर्व कंपन्यांस सारख्या अटींवर द्यावी.

५. या कामाचे हिशेब निराळे ठेवून दर तिमाहीस ग्रामसभेपुढे वाचावेत. पाणीपट्टीचा पैसा यात वळवू नये.

६. कचेरीतील भारतनेटचे यंत्र कुलपात ठेवू नये. बॅटरी चालू आहे किंवा नाही हे दररोज पाहावे आणि तार तुटल्यास त्याच दिवशी कळवावे.

७. पीक पाहणी व कापूस नोंदणीच्या दिवसांत पोडावर जाऊन नोंदी करून घ्याव्यात. केंद्र उभे राहीपर्यंत तरी एवढे करता येण्याजोगे आहे.

गाडीवाट सर्वांची असते. तीवरून बैलगाडी कोणाची जावी हे गाव ठरवीत नाही. मात्र वाटच नसेल, तर ती गावास करावी लागते. ब्रॉडबँडच्या बाबतीतही ग्रामपंचायतीने हीच मर्यादा पाळावी. कंपनी पोचली नाही तेथे पुढे व्हावे, पोचली असेल तेथे वाट मोकळी ठेवावी आणि दोन्ही वेळी हिशेब चोख ठेवावा. असे झाले तर पुढील हंगामात कापसाच्या नोंदणीसाठी पोडावरील शेतकऱ्यास एका दिवसाची मजुरी बुडवावी लागणार नाही.