हाताची व शरीराची प्लास्टिक सर्जरी : कुटुंबीयांसाठी माहिती

प्लास्टिक सर्जरी म्हटले की नाक सरळ करणे किंवा सुरकुत्या घालविणे एवढेच बहुतेकांच्या मनात येते. मोठ्या शासकीय रुग्णालयांतील या विभागाचे चित्र मात्र निराळे असते. तेथे भाजल्यामुळे बोटे तळहाताकडे ओढली गेलेली गृहिणी असते, कडबाकुट्टीत हात सापडलेला शेतकरी असतो, जन्मतः जुळलेली बोटे घेऊन आलेले बालक असते. ‘प्लास्टिक’ हा शब्द येथे ‘आकार देणे’ या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून आला आहे. पिशव्या-बादल्यांच्या प्लास्टिकशी त्याचा संबंध नाही. यांतील बहुसंख्य शस्त्रक्रियांत रुग्णाची स्वतःचीच त्वचा, चरबी, स्नायू किंवा नस एका जागेवरून दुसऱ्या जागी नेली जाते. ही विद्या आपल्याकडे नवीन नाही. सुश्रुतसंहितेत नाक नव्याने घडविण्याची रीत सांगितली आहे, आणि पुण्यात झालेल्या अशाच एका शस्त्रक्रियेचे वृत्त १७९४ साली लंडनच्या एका मासिकात छापून आले होते.

हाताच्या बाबतीत एक गोष्ट प्रत्येक कुटुंबाने लक्षात ठेवावी. शस्त्रक्रिया रुग्णालयात होते. परंतु हात पुन्हा कामाचा होईल की नाही, याचा मोठा भाग रुग्णालयात पोहोचण्यापूर्वी आणि तेथून परतल्यानंतर ठरतो.

बोट किंवा हात तुटल्यास

यंत्राचा पट्टा, करवत, उसाचा चरक, दिवाळीतील फटाका, दारात अडकलेले मुलाचे बोट ही नेहमी आढळणारी कारणे. प्रथम जखमेवर स्वच्छ कापड ठेवून सतत दाब द्यावा आणि हात छातीपेक्षा उंच धरावा. बोटातून रक्त येत असताना मनगटाला सुतळीने करकचून बांधू नये. अंगठी, बांगड्या सूज येण्यापूर्वीच काढून घ्याव्यात.

तुटलेला भाग शोधून सोबत न्यावा. तो स्वच्छ पाण्याने हलकेच धुवावा, ओलसर करून पिळलेल्या स्वच्छ कापडात गुंडाळावा आणि प्लास्टिकच्या पिशवीत घालून पिशवीचे तोंड घट्ट बांधावे. मग ही पिशवी बर्फ व पाणी घातलेल्या दुसऱ्या पिशवीत किंवा डब्यात ठेवावी. तुटलेले बोट थेट बर्फात कधीही ठेवू नये. गोठल्याने त्यातील पेशी मरतात आणि मग ते जोडता येत नाही. दूध, हळद, स्पिरिट यांचाही उपयोग करू नये. बोट त्वचेच्या थोड्या भागावर लोंबकळत असेल, तर ते तोडून वेगळे करू नये. त्या लहानशा पुलातूनही रक्तपुरवठा चालू असू शकतो. भूल द्यावी लागण्याची शक्यता असल्याने रुग्णाला वाटेत काही खाऊ-पिऊ घालू नये.

अशा रीतीने थंड ठेवलेले बोट कित्येक तासांनंतर, काही वेळा २४ तासांपर्यंतही जोडता येते. मनगटाच्या वर तुटलेल्या हाताला मात्र एवढी सवलत नसते. त्यात स्नायू अधिक असतात आणि ते सुमारे ६ तासांतच निकामी होऊ लागतात. प्रत्येक बोट जोडले जाईल असेही नाही. चिरडलेले बोट जोडून ते ताठ व दुखरे राहणार असेल, तर न जोडणे अधिक हिताचे असते. अंगठ्यासाठी आणि लहान मुलांच्या बोटांसाठी शल्यचिकित्सक शक्य तितका प्रयत्न करतात. अंगठा नसला तर पकडच उरत नाही. म्हणूनच प्रसंगी पायाचे बोट काढून अंगठ्याच्या जागी बसविले जाते.

लहान दिसणारी, परंतु लहान नसलेली जखम

फुटलेल्या काचेने, विळीने किंवा नायलॉन मांजाने तळहाताला एक बारीक चीर पडते. टाके घातले जातात, जखम भरते, आणि महिन्याभराने लक्षात येते की बोट वाकतच नाही. त्वचेखालील कंडरा, म्हणजे स्नायूचा जोर हाडापर्यंत पोहोचविणारी दोरी, तुटलेली असते. म्हणून हाताच्या कोणत्याही कापण्यानंतर प्रत्येक बोट वेगवेगळे वाकते व सरळ होते का, बोटाच्या टोकाला स्पर्श कळतो का, हे पाहावे. शंका आल्यास लगेच दाखवावे. कंडरा पहिल्या काही दिवसांत सहज जोडता येते. उशीर झाल्यास तिची टोके दूर सरकतात आणि शरीरातील दुसऱ्या जागेची कंडरा आणून बसवावी लागते.

जोडलेली कंडरा सुमारे ६ आठवडे स्प्लिंटमध्ये सांभाळावी लागते आणि जड काम साधारण ३ महिने बंद असते. या काळात फिजिओथेरपिस्टने शिकविलेले व्यायाम टाळल्यास कंडरा आजूबाजूला चिकटते. अधिक जोर केल्यास पुन्हा तुटते. तुटलेली नस जोडल्यावर ती दिवसाला साधारण १ मिलिमीटर एवढ्याच गतीने वाढते. मनगटाजवळ जोडलेल्या नसेची संवेदना बोटांच्या टोकापर्यंत परतण्यास कित्येक महिने लागतात. शस्त्रक्रिया फसली असे या काळात समजू नये. मात्र बधिर बोटांना चुलीचा व गरम भांड्यांचा चटका बसणार नाही, याची काळजी घरच्यांनी घ्यावी.

भाजलेला हात

भाजल्याबरोबर हात २० मिनिटे वाहत्या साध्या पाण्याखाली धरावा. टूथपेस्ट, शाई, तूप किंवा बर्फ लावू नये. खोल भाजले असल्यास मांडीची पातळ त्वचा काढून जखमेवर बसवितात. मांडीची जागा साधारण दोन आठवड्यांत आपोआप भरून येते. जेथे हाड किंवा कंडरा उघडी पडली असेल तेथे पातळ त्वचा टिकत नाही. तेव्हा चरबीसह जाड त्वचेचा तुकडा त्याच्या रक्तपुरवठ्यासह आणावा लागतो, आणि त्यासाठी काही वेळा हात सुमारे ३ आठवडे जांघेला जोडून ठेवतात. हे अवघडलेपण रुग्णाला आधी समजावून सांगितले, तर तो ते सोसतो.

जखम भरल्यावर व्रण आखडू लागतो. बोटे वाकवून ठेवल्याने वेदना कमी वाटते, आणि माया करणारे नातेवाईक तसेच राहू देतात. हाच घात आहे. स्प्लिंट, दाब देणारे मोजे, तेलाने मालिश आणि व्यायाम हे सर्व सहा महिने ते वर्षभर चालू ठेवावे. तरीही बोटे आखडलीच, तर व्रण मोकळा करून तेथे नवी त्वचा बसविता येते. अपघाताला बरीच वर्षे लोटली असली, तरी तपासून घेण्यास संकोच करू नये.

हाताचे इतर विकार

जुळलेली बोटे साधारण १ ते २ वर्षे वयात वेगळी केली जातात. गर्भवतीने ग्रहण पाहिल्याने किंवा ग्रहणात चिरल्याने असे घडते, हा समज निराधार आहे. मातेला दोष देऊ नये. अधिकचे बोट दोरा बांधून पाडण्याचा प्रयत्न करू नये. रात्री अंगठा व पहिली दोन बोटे बधिर होऊन झोपमोड होत असेल, तर मनगटात नस दबलेली असू शकते; गरज पडल्यास ती एका लहान शस्त्रक्रियेने मोकळी होते.

कुष्ठरोगाने वाकलेली बोटे पुन्हा उपयोगात आणण्याचे मोठे काम वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात डॉ. पॉल ब्रँड यांनी १९४० च्या दशकाच्या अखेरीस सुरू केले. चांगल्या स्नायूची कंडरा लुळ्या बोटाकडे वळविण्याची ही शस्त्रक्रिया आज राष्ट्रीय कुष्ठरोग निर्मूलन कार्यक्रमातही उपलब्ध आहे.

शरीराच्या शस्त्रक्रिया

स्तनाच्या कर्करोगानंतर स्तनाची पुनर्रचना, दीर्घकाळ अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांच्या जखमा झाकणे, पुरुषांची वाढलेली छाती कमी करणे, पोटाची लोंबणारी त्वचा काढणे या नेहमीच्या शस्त्रक्रिया होत. चरबी शोषून काढणे हा वजन घटविण्याचा उपाय नव्हे. एकाच वेळी फार चरबी काढल्यास जिवाला धोका संभवतो. ब्यूटी पार्लरमध्ये किंवा भूलतज्ज्ञ नसलेल्या ठिकाणी अशी शस्त्रक्रिया करून घेऊ नये. शल्यचिकित्सकाकडे प्लास्टिक सर्जरीतील एम.सी.एच. किंवा डी.एन.बी. पदवी आहे का, हे विचारणे हा आपला अधिकार आहे. त्यात अनादर नाही.

तंबाखू व धूम्रपान शस्त्रक्रियेच्या किमान ४ आठवडे आधी आणि जखम भरेपर्यंत पूर्ण बंद ठेवावे. निकोटिनमुळे सूक्ष्म रक्तवाहिन्या आकसतात आणि बसविलेली त्वचा काळी पडून मरते. मधुमेह व रक्तदाबाची औषधे, तसेच रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या घेत असल्यास डॉक्टरांना आधी सांगावे.

आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत उपचार मिळतात; त्यात भाजलेल्यांच्या व पुनर्रचनेच्या अनेक शस्त्रक्रियांचा समावेश आहे. केवळ सौंदर्यासाठीची शस्त्रक्रिया त्यात बसत नाही. पात्रता व संलग्न रुग्णालयांची माहिती १४५५५ या निःशुल्क क्रमांकावर मिळेल. अपघातात १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि हात किंवा बोट तुटले आहे, हे फोनवरच सांगावे, म्हणजे सूक्ष्म शस्त्रक्रियेची सोय असलेले रुग्णालय आधीच विचारून ठेवता येईल.